चोळण्याने काय जाते, काय राहते

पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाने पाठीवर हलकी लाथ मारली की कंबरेतली उसण निघून जाते, हा समज कोकणापासून वऱ्हाडापर्यंत ऐकायला मिळतो. त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण त्या लाथेत दोन गोष्टी असतात आणि दोन्हींकडे आजचे वेदनाशास्त्र गंभीरपणे पाहते. एक, आखडलेल्या स्नायूवर बाहेरून पडणारा दाब. दुसरी, ‘आता हे जाणार’ ही दुखणाऱ्याची खात्री. न्यूरोमस्क्युलर मसाज थेरपी हे भारदस्त नाव घेऊन जी पद्धत आता शहरांतल्या क्लिनिकांत आणि जंगलातल्या रिसॉर्टांत मिळते, तिच्यात दाब किती आणि खात्री किती, हा वाद बरीच वर्षे चालू आहे. त्या वादाचा हा आढावा जोयडा तालुक्याच्या अंगाने घेतो आहे. कारण अशा उपचाराची जिथे सर्वांत जास्त गरज आहे आणि जिथे तो पोहोचणे सर्वांत अवघड आहे, अशा जागी उभे राहून पाहिले की जाहिरातीतली बरीच हवा आपोआप निघून जाते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्यात जुने सुपा गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला खानापूर, तिसऱ्या अंगाला दांडेली-हल्याळ आणि मध्ये काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. २०११च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची वस्ती पन्नास हजारांच्या घरात भरली. कुणबी, गवळी, सिद्दी अशा समाजांची ही वस्ती वाड्यावाड्यांनी विखुरलेली आहे. घरी कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कानडी असा भाषांचा रिवाज. इथले दुखणे कामातून येते. पावसात पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे राहून दिवसभर वाकून भाताची लावणी करायची, डोईवर जळणाची मोळी घेऊन चढ-उतार चालायचे, कणगी, कोनफळे, अळकुड्या खणून काढायच्या. जोयड्यात भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळ्यात ही कंदांची रास पाहून शहरातला माणूस हरखतो. ती जमिनीतून वर काढताना कुदळीच्या प्रत्येक घावाला कंबर कशी वाकते, हे त्या मेळ्यात दिसत नाही.

खेड्यातले दुखणे नेमके कशाचे असते, याची एक चांगली मोजणी महाराष्ट्रात झाली आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांनी स्नायू-सांध्यांचे दुखणे सांगितले. ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे सूज आणून सांधे खाणारा संधिवात, अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. गुडघ्यांची झीज वगैरे प्रकार पावणेसहा टक्क्यांच्या घरात, आणि स्नायू, कंडरा, त्यांच्या भोवतालचे वेष्टन यांचे दुखणे जवळजवळ तितकेच. भिगवण जोयड्यासारखे नाही. तिथे जंगल नाही, मुसळधार पाऊस नाही. तरी राबणाऱ्या गावाचा नकाशा म्हणून हे आकडे उपयोगी आहेत. ‘वात आला’ असे सगळे एकाच शब्दात सांगतात, पण त्या शब्दाखाली निदान तीन वेगळी दुखणी असतात. हाताने चोळून बरे वाटावे असे त्यांतले एक आहे, चोळल्याने थोडे हलके व्हावे असे दुसरे, आणि तिसऱ्याला चोळत बसणे म्हणजे नुकसान.

आता पद्धतीकडे. हिचे मूळ शोधत गेले की माणूस १९३०च्या दशकातल्या पॅरिसमध्ये पोहोचतो आणि तिथे भेटतो तो भारतीय. देवनचंद वर्मा नावाचे गृहस्थ तिथे हाताने उपचार करीत आणि त्याला ‘प्राणोथेरपी’ म्हणत. १९३५मध्ये त्यांचे ‘द ह्युमन मशीन अँड इट्स फोर्सेस’ हे पुस्तक निघाले. इंग्लंडमध्ये ट्रिंगजवळ चॅम्पनीज हे निसर्गोपचार केंद्र चालवणारे स्टॅन्ली लीफ यांनी वर्मांची पद्धत पाहिली, आपल्या अनुभवाची त्यात भर घातली आणि चुलतभाऊ बोरिस चैतोव यांच्यासोबत ‘न्यूरोमस्क्युलर टेक्निक’ उभी केली. बोरिस यांचे पुतणे लिऑन चैतोव यांनी पुढे पुस्तकांमागून पुस्तके लिहून ती जगभर नेली. वर्मांचे म्हणणे प्राणशक्तीच्या प्रवाहातले अडथळे बोटांनी सोडवण्याचे होते. लीफ यांच्या हाती आल्यावर त्या प्राणाचे मज्जातंतू झाले आणि अडथळ्याची झाली स्नायूतली गाठ. आज मुंबई-बंगळूरला या पद्धतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम परदेशी नावाने आणि परदेशी फीने शिकवले जातात. पॅरिसमधल्या त्या वैद्यांचे नाव त्यात क्वचितच येते.

करतात काय, ते सोप्या भाषेत असे. आधी बसण्याउठण्याची ढब, श्वास, चालणे पाहतात. मग अंगठा किंवा बोटांची टोके स्नायूच्या धाग्यावरून अगदी सावकाश सरकवतात. कुठे ताणलेल्या दोरीसारखा पट्टा लागतो, कुठे वाटाण्याएवढी कडक जागा लागते. तिथे दाबले की दुखणारा दचकतो, आणि पुष्कळदा सांगतो की कळ दुसरीकडेच गेली. या जागेला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. सोसवेल इतकाच दाब तिथे आठ-दहा सेकंद धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. शेवटी तो स्नायू हळूहळू ताणून घ्यायचा. तेल थोडेच वापरायचे, नाहीतर बोट घसरते. सगळ्या अंगाला तेल जिरवणारी मालीश आणि ही पद्धत यांतला फरक इथे आहे. मालीश अंगभर फिरते. ही एक जागा शोधते.

कळ दुसरीकडे जाते हे खरे आहे आणि ते प्रयोगाने दाखवलेले आहे. लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी १९३८मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र पाणी टोचून पाहिले. टोचले एका जागी, तर दुखले बरेच दूर. जोयड्याच्या शेतावर याचा अर्थ रोज लागतो. खांद्याच्या पात्यावरचा स्नायू बिघडला की खांदा पुढून दुखतो. कुल्ह्याच्या कडेचा खोलातला छोटा स्नायू आखडला की मांडीच्या बाहेरून पार घोट्यापर्यंत कळ उतरते, आणि शेतावरची बाई सायटिकाची गोळी खात बसते. पोटरीतल्या खोल स्नायूची कळ टाचेत येते. गुडघ्याच्या आतल्या अंगाला दुखते तेव्हा दोष कधीकधी मांडीच्या पुढच्या पटात असतो. म्हणून जाणता हात आधी दुखते तिथे जात नाही. पद्धतीचा सर्वांत पटणारा भाग हाच.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे गेली. रेमंड निम्मो हे कायरोप्रॅक्टर मणके कडकडा मोडायचे सोडून स्नायू दाबू लागले. जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरबाईंनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३मध्ये ट्रिगर पॉइंटचा जाडजूड ग्रंथ काढला. कुठला स्नायू कुठे दुखवतो, याचे त्यातले नकाशे आजही फिजिओथेरपीच्या दालनांत भिंतीवर टांगलेले दिसतात. ट्रॅव्हेल १९६१मध्ये व्हाइट हाउसच्या वैद्य झाल्या, कारण जॉन केनेडींची पाठ. त्या गाठींत प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शने देत आणि अध्यक्षांना बरे वाटे. पुन्हा दुखे, पुन्हा इंजेक्शन. त्याच वर्षी हान्स क्राउस नावाचे दुसरे डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शने थांबवून केनेडींना रोजच्या व्यायामाला लावले आणि पाठ सुधारली. मसाजच्या पुस्तकांत पहिला प्रसंग येतो, दुसरा फारसा येत नाही. मला वाटते, या विषयातला अर्धा धडा त्या दुसऱ्या प्रसंगात आहे.

उरलेला अर्धा वादात आहे. ती गाठ खरोखर असते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शाह यांनी २००५मध्ये बारीक सुईने मानेच्या बाजूच्या स्नायूतला द्रव टिपला. दुखऱ्या ट्रिगर पॉइंटमध्ये दाह आणि वेदना जागवणारी रसायने जास्त निघाली आणि आम्लताही वाढलेली. म्हणजे काहीतरी आहे. पण माणसे होती मोजकीच. दुसऱ्या पारड्यात १९९२चा एक प्रयोग येतो. या क्षेत्रातल्या नामवंत तज्ज्ञांना रुग्ण कोण, निरोगी कोण हे न सांगता तपासायला लावले, तर कुणाच्या गाठी कुणाला सापडेनात. सायमन्स स्वतः त्या अभ्यासात होते. १९९७मध्ये आणखी एका गटाने आधी काही तास एकत्र बसून बोटांचा अंदाज जुळवला, तेव्हा एकमत वाढले. ऑस्ट्रेलियातले क्विंट्नर आणि कोहेन हे दोघे तर अनेक वर्षे सांगत आहेत की स्नायूत दोष नाहीच. दोष मज्जासंस्थेच्या संवेदनेत आहे आणि ट्रिगर पॉइंट ही कल्पनाच मोडीत काढावी. २०१५मध्ये त्यांनी हे पुन्हा सविस्तर मांडले. मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. दुखरी जागा असते, यात शंका नाही. ती दाबल्यावर बरे वाटते, यातही नाही. पण ‘तुमची गाठ मी फोडली’ असे सांगणाऱ्याच्या अंगठ्याखाली नेमके काय फुटले, हे अजून कुणी दाखवलेले नाही.

बरे का वाटते, याची चांगली कारणे गाठ न फोडताही मिळतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेला जणू एक दार आहे आणि दाब-स्पर्शाचे संदेश आले की ते थोडे लोटले जाते. पोर पडले की आपण गुडघा चोळतो, ते यासाठीच. शिवाय पुरेसा दाब पडला की मेंदू वरूनही वेदना दाबतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२मध्ये अकरा तरुणांच्या थकलेल्या मांड्यांपैकी प्रत्येकाच्या एकाच मांडीला मसाज देऊन दोन्ही मांड्यांतल्या स्नायूचे तुकडे तपासले. मसाज केलेल्या मांडीत दाहाचे संकेत कमी होते. लॅक्टिक आम्ल मात्र होते तेवढेच. तरी स्पाच्या पत्रकांवर ‘साठलेले लॅक्टिक ॲसिड आणि विषारी द्रव्ये बाहेर काढतो’ हे वाक्य आजही छापून येते.

आता चाचण्या. सगळ्यांत मोलाची मला सिएटलची वाटते. डॅनियल चर्किन यांच्या गटाने २०११मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४०१ जणांचे तीन गट केले. एका गटाला स्नायू आणि त्यांची वेष्टने शोधून केलेला नेमका मसाज, दुसऱ्याला नुसता आराम देणारा मसाज, तिसऱ्याला नेहमीचे औषधपाणी. दहा आठवड्यांनी दोन्ही मसाज गटांतल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी दुखणे खूप कमी झाले किंवा गेलेच, असे सांगितले. तिसऱ्या गटात पंचविसात एकाने. मसाजसाठी हा मोठा विजय. पण नेमका आणि साधा यांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. अंगठ्याने जागा हुडकणाऱ्या या पद्धतीला हा टोला आहे आणि तो गिळायलाच हवा. वर्षानंतर फायदाही बराच ओसरला होता.

गुडघ्याचे उत्तरही असेच निघाले. ॲडम पर्लमन यांच्या २०१८च्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेचे २२२ रुग्ण होते. आठवड्याला एक तास असा आठ आठवडे मसाज घेतलेल्यांचे दुखणे आणि आखडणे नुसता हलका स्पर्श मिळालेल्यांपेक्षा आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाले. वर्षाअखेर तिन्ही गट जवळजवळ एका ओळीत. झिजलेली कूर्चा दाबून परत येत नाही, येणारही नाही. मसाज मांडीचा ताठरपणा उतरवतो आणि चालणे सोपे करतो, तेही काही आठवडे. सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब करणारे आढावे याहून सावध आहेत. कंबरदुखीवरच्या पंचवीस चाचण्या एकत्र पाहून कॉक्रेन या असे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५मध्ये म्हटले की थोड्या मुदतीचा फायदा दिसतो, पण पुरावा फारच कच्चा. डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाबरोबर मसाजही ‘देता येईल’ या अटीच्या यादीत आहे. कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक हे मात्र ‘नेहमीसाठी नको’ या यादीत. आपल्याकडच्या फिजिओथेरपी दालनांत यंत्रे ज्या थाटात मांडलेली असतात, ते आठवले की हा भाग वाचताना गंमत वाटते. यंत्रापेक्षा हाताला बरे गुण मिळालेत.

जवळच्या बेळगावात केएलईच्या फिजिओथेरपी संस्थेसारख्या ठिकाणी टाचदुखी, मानदुखी यांवर वेष्टने सैल करण्याच्या पद्धतीचे लहान लहान प्रयोग होत आले आहेत. निकाल बहुधा चांगले येतात. पण रुग्ण थोडे आणि मुदत काही दिवसांची, त्यामुळे वरचे चित्र त्यांनी बदलत नाही. लावणीच्या हंगामाआधी आणि नंतर शेतावरच्या बायांच्या कंबरा मोजणारा कुणी निघाला, तर ते काम बेळगावहून करण्यासारखे आहे.

आयुर्वेदाचे नाव या विषयात वारंवार घेतले जाते, आणि ते सरसकट घेतले जाते म्हणून थोडे थांबायला हवे. स्नेहन, स्वेदन, अभ्यंग, मर्दन यांची परंपरा जुनी आणि तपशीलवार आहे. अभ्यंग कुणी टाळावा, हेही तिने सांगून ठेवले आहे: अजीर्ण झालेल्याने, कफाने भरलेल्याने, नुकतेच शोधन घेतलेल्याने. मर्मांची गोष्ट वेगळी. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली ती मुख्यतः शल्यवैद्याने शस्त्र चालवताना सांभाळण्याच्या जागा म्हणून. तिथे इजा झाली तर माणूस मरतो किंवा पंगू होतो. आज त्याच जागा दाबण्याची ‘मर्म थेरपी’ विकली जाते. दाबून फायदा होत असेलही. पण सुश्रुताचा हवाला त्यासाठी देताना त्याने तिथे धोक्याची खूण केली होती, हे सांगितले पाहिजे.

घरगुती पातळीवर जोयड्यापासून सावंतवाडीपर्यंतची पद्धत साधारण एकच: निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून पुरचुंडीचा शेक, तिळाचे किंवा खोबरेल तेल कोमट करून रगडणे, किनाऱ्याकडे उंडीचे तेल. शेकाने स्नायू सैलावतात, तेलाने हात सरकतो आणि या दोन्हींसाठी प्रयोगशाळेची गरज नाही. बेळगावला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे आणि पश्चिम घाटातल्या या औषधांचा अभ्यास तिच्या कामाचाच भाग आहे. तेलांच्या दुनियेत एक मात्र साफ वाईट आहे: घोरपडीचे. तिची चरबी सांधेदुखीवर रामबाण म्हणून आठवडी बाजारांत चोरून विकली जाते. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिला मारणे हा गुन्हा आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतल्या तालुक्यात हे वेगळे सांगायची गरज नसावी, पण असते. ती चरबी तिळाच्या तेलाहून सरस असल्याचा पुरावा नाही.

हात कुठे लावू नये, हा या आढाव्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. २००६मध्ये चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा देशात नोंदल्या गेलेल्या सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या कर्नाटकातले होते. ताप चार दिवसांत गेला, सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. सुजलेला, गरम सांधा रगडला की तो अधिक चिडतो. त्याला विश्रांती, औषध आणि मग हळूहळू हालचाल लागते. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे दुखणे तर वेळेशी शर्यत असते. सकाळी उठल्यावर तासभर बोटे वळत नाहीत, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, अशी बाई दोन वर्षे तेल चोळत राहिली तर हाडे झिजून बोटे वाकडी होतात. सुरुवातीच्या महिन्यांत मेथोट्रेक्झेटसारखे औषध मिळाले असते, तर ती पुढेही लावणीला गेली असती. शेजारच्या शिवमोगा जिल्ह्यात सागरजवळच्या हंडिगोडू गावात १९७०च्या दशकात एक आजार उघड झाला. काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या सांधे मोडत जाणारा. आधी खाण्यापिण्याचा संशय घेतला गेला. मग तो हाडांच्या वाढीतला आनुवंशिक दोष असल्याचे दिसले. तिथे कुठला मसाज आणि कुठली गाठ.

आणखी काही खुणा प्रत्येक चोळणाऱ्याला तोंडपाठ हव्यात. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सोबत ताप किंवा वजन घटणे: मणक्याचा क्षय किंवा गाठ असू शकते, आणि अशा मणक्यावर जोर दिला तर पाय लुळे पडतात. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याच्या जागेला बधिरपणा: त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी: आत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला खोल दाब नको. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला शेक देऊ नये, भाजले तरी कळत नाही. मोडलेल्या हाडावर हाडवैद्याने बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या आणि बोटे काळीनिळी झाली, तर ते बांधणे तासाभरात सुटले पाहिजे. हात गमावलेली मुले आपल्या देशातल्या अस्थिरुग्णालयांना नवी नाहीत. हाडवैद्यांबद्दल माझ्या मनात तिरस्कार नाही. मुरगळलेल्या पायाला त्यांच्याइतका धीर कुणी देत नाही. पण आवळणे आणि चोळणे यांच्यापलीकडे, ‘हे माझे काम नाही’ असे म्हणता येणे हाही त्या विद्येचा भाग असायला हवा.

असा माणूस जोयड्यात कोण? मोठा तज्ज्ञ गाठायचा तर बेळगाव, धारवाड, कारवार किंवा गोवा. कुठेही निघाले तरी दिवस जातो, आणि पावसाळ्यात अणशी घाटात दरड आली तर कारवारची वाट बंद. गणेशगुडीच्या आसपासच्या रिसॉर्टांत मसाजची खोली असते, पण ती राफ्टिंग करून आलेल्या पाहुण्यासाठी. त्याच रस्त्यावर मोळी घेऊन चालणारी बाई तिची गिऱ्हाईक नव्हे. मसाज करणाऱ्याला आपल्या देशात वेगळा वैद्यकीय परवाना लागत नाही. २०२१च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने फिजिओथेरपीला चौकट दिली, मसाजला नाही. त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा त्या माणसाने हात लावण्याआधी काय विचारले, यावरून त्याची पारख करावी. जो काहीच न विचारता ‘झोपा’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे. जो दुखणे जितके जास्त तितका गुण जास्त असे सांगतो, त्याच्याकडूनही. चांगल्या दाबाने ‘हीच ती जागा’ असे वाटते; श्वास रोखून दात आवळावे लागले, तर स्नायू उलट आखडतो.

किती वेळा, हा प्रश्न मानदुखीपुरता तपासला गेला आहे. कॅरन शर्मन यांच्या २०१४च्या चाचणीत तासाचा मसाज आठवड्यातून दोन-तीनदा घेतलेल्यांना खरा फायदा झाला. अर्ध्या तासाच्या मसाजने नाही. आठवड्याला दोन-तीन तास आणि तेही महिनाभर. शहरात हे खिशाला जड आहे, जोयड्यात अशक्य. म्हणून इथे बाहेरून येणाऱ्या थेरपिस्टवर योजना बांधण्यात अर्थ नाही. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका यांनी वरच्या धोक्याच्या खुणा ओळखायच्या आणि बाकीच्यांना घरचा हात शिकवायचा, एवढेच जमण्यासारखे आहे. सासू-सुना, जावा-जावा एकमेकींच्या पाठीला तेल लावतातच. सिएटलचा निकाल खरा मानला, तर त्यांचा साधा, सावकाश हात महागड्या नेमक्या अंगठ्याच्या फार मागे नाही.

एकट्या बाईलाही वाट आहे. गुडघ्याच्या झिजेच्या चाळीस रुग्णांवर २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत त्यांना स्वतःच्याच मांडीचा पुढचा पट चोळायला शिकवले होते. बसल्या बसल्या, वीस मिनिटे, तळहाताने आणि मुठीने. त्यांचे दुखणे आणि ताठरपणा न शिकवलेल्यांपेक्षा कमी झाला. चोळून झाल्यावर पाय सरळ करून पाच सेकंद मांडी आवळायची, सोडायची, असे दहा वेळा. हे क्राउस यांच्या बाजूचे काम आणि ते सोडायचे नाही, कारण दाबाने मिळालेली सैल वेळ मांडीत ताकद भरण्यासाठीच वापरायची असते. लावणीच्या दिवसांत दर तासाला ताठ उभे राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवायचे आणि मागे वाकायचे. मोळी दोन फेऱ्यांत आणायची. नवऱ्याने एक फेरी करायची.